दुरेघी

माझ्या मुलाला दुरेघी हे नाव मीच ठेवलं आणि दुकानात ते सगळ्यांनी उचललं. पहिलीतल्या पोरांना अक्षर गिरवायला दोन रेघांची वही देतात ना, ती दुरेघी. अक्षराने इकडेतिकडे जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी कुंपण. आमचे चिरंजीव कापडावर खडूने तसंच आखायचे. आधी शिवणीची रेघ, मग तिच्या बाहेर बोटभर माया सोडून कात्रीची रेघ. माया म्हणजे शिवणीसाठी ठेवलेलं जास्तीचं कापड. तेवढं नसेल तर कपडा शिवता येत नाही, पुढे कधी सैल करता येत नाही. मी म्हणायचो, "अरे, लग्न झालं तुझं, आता तरी दुरेघीतून एकरेघीत ये." कारागीर हसायचे. तोही हसायचा.

मी स्वतः आयुष्यभर एकच रेघ काढली, कात्रीची. शिवण कुठून जाणार हे मला दिसतंच, त्यासाठी खडू कशाला झिजवू? कोट शिवण्याच्या त्या दुकानात मी मास्तर होतो, म्हणजे कापणारा. शिवणारे पुष्कळ असतात, कारण चुकलं तर उसवता येतं. कापलेलं कुणाच्या बापाला जोडता येत नाही, म्हणून कापायचं टेबल एकाचंच. माझ्याआधी ते माझ्या वडिलांचं होतं. कुणी एक डोळा मिटून रेघ तपासताना दिसला की मी ओरडायचो, "हा शिंपी नव्हे, शिकारी! जा बाबा, इथे ससे नाहीत." माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा लांब आहे असं आमची ही म्हणते. म्हणेना का. हात चालत होता तोवर जिभेबद्दल कुणी तक्रार केली नाही.

मग रक्ताच्या तपासणीत कोलेस्टेरॉल निघालं. डॉक्टर म्हणाले, तळलेलं बंद, लोणी बंद आणि रोज एक गोळी. गोळी किती दिवस? तर जन्मभर. आमच्या हिने ते ऐकलं आणि पदर खोचला. पण सूनबाई हिच्या वरताण. दुसऱ्याच दिवशी तिने हिची लोण्याची बरणी सिंकमध्ये गरम पाण्याने धुऊन टाकली. ही समोर उभी होती. "माझ्या हाताने काढलेलं लोणी होतं ते," एवढंच म्हणाली, आणि त्या दिवसापासून सासू-सुनेचं बोलणं बंद झालं.

बंद म्हणजे अगदीच बंद नाही, माझ्यामार्फत चालू. दोघी एकाच ओट्यापाशी उभ्या, खांद्याला खांदा लागतोय, आणि ही मला सांगणार, "अहो, गॅस बारीक कर म्हणावं." सूनबाई भांडं घासताघासता, "बाबा, केलाय म्हणावं." मी मधे पेपर वाचत बसलेलो. टपालखातं. अर्ध्या वेळेला मी निरोप पोचवतसुद्धा नव्हतो, कारण दोघींना ऐकू जातच होतं.

या भांडणात माझ्या गोळीचं मात्र कौतुक वाढलं. सकाळी ही गुलाबी गोळी हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. रात्री जेवण झालं की सूनबाई पांढरी गोळी आणि कोमट पाणी आणायची. मला वाटलं, एक चरबीची असेल, दुसरी रक्तदाबाची. विचारलं नाही. दोन बायका आपल्यासाठी चढाओढ करतायत, आयतं पाणी हातात येतंय, अशा वेळी प्रश्न विचारणारा माणूस मूर्ख.

आधी पाय दुखायला लागले. मग पापण्या जड व्हायला लागल्या, झोप झाली तरी झोप आल्यासारख्या. आणि एका सकाळी टेबलावर राखाडी कापड पसरून मी रेघ ओढली, तर दोन उमटल्या. एकीशेजारी एक, बोटभर अंतर. डोळे चोळले, तरी दोन. एक डोळा मिटला तर एक. उघडला की दुसरी हजर. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, अशी म्हण आहे. मी तर मागितलंही नव्हतं. मला हसू आलं आणि लगेच विरलं. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. वडिलांचे डोळे गेले तेव्हा मालकांनी जेवायच्या सुट्टीत त्यांची कात्री माझ्या हातात दिली होती. वडील परत आले तोवर माझं अर्धं कापड कापून झालं होतं.

कुणाला सांगितलं नाही. आसपास कुणी नसेल तेव्हा एक डोळा मिटून भागवत होतो. पण चारचौघांत मिटणार कसा? शिकाऱ्याचा विनोद माझाच होता ना. मग मी गुडघ्यांचं निमित्त केलं आणि मुलाला बोलावलं. म्हटलं, "वाकवत नाही मला. आजपासून आखायचं तू, कापायचं मी. पण एकच रेघ. तुझी बालवाडी माझ्या टेबलावर चालायची नाही."

आठवडाभरात त्याने ओळखलं. मी कात्री टेबलाच्या कडेवर ठेवायला गेलो आणि ती कडा तिथे नव्हतीच. कात्री खाली पडली, पायाच्या अंगठ्यापासून वितीवर.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "तुम्हाला दोन-दोन दिसतंय का?"

"तोंड बंद ठेव," मी म्हटलं. "मालकांना कळलं तर टेबल जाईल. माझं गेलं तर तुला कोण उभं करतंय?"

त्याने तोंड बंद ठेवलं. एवढंच नाही, मला सांभाळलं. मी तोंडाने सांगेन तेवढी माया आधीच धरून कात्रीची एकच ठसठशीत रेघ काढायचा, कापड ताणून धरायचा आणि मालक आले की मधे उभा राहायचा. मला दोन दिसायच्या, त्यातली डावी धरायची हा माझा नियम ठरला होता. डावी खरी, उजवी भूत. तसं बरं चाललं होतं. आता कुणी म्हणेल, अशा मुलाला माणूस जपेल. मी उलटंच केलं. तो जितका सांभाळायचा तितका मला त्याचा राग यायचा आणि तितका मी त्याला बोलायचो. एकदा सूनबाई दुपारी डबा घेऊन दुकानात आली. सगळे कारागीर बसलेले. मी म्हटलं, "सूनबाई, याला घरीसुद्धा दोन रेघा आखून देतेस का गं? नाहीतर चुकायचा हो आमचा पोरगा!" दुकान फुटलं हसून. सूनबाईचा चेहरा लालेलाल झाला, डबा ठेवून ती तशीच निघून गेली. या वेळी तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "बघतोस काय, जेव."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते वकील आले. अंगाने भरलेले, आवाजाने मऊ. सोबत जुन्या कागदात गुंडाळलेलं गर्द निळं लोकरीचं कापड, डांबरगोळ्यांचा वास येणारं. त्यांच्या वडिलांनी कोटासाठी घेतलं होतं आणि ते गेले, कोट राहूनच गेला. असं कापड आता विणतच नाहीत. वकील म्हणाले, "मास्तर, माझ्यासमोर कापा. मला बघायचंय." मालक कौतुकाने शेजारी येऊन उभे राहिले. कारागिरांनी मशिनी थांबवल्या.

मुलाने कापड दुमडून पसरलं, आखलं आणि बाजूला झाला. मी कात्री घेऊन वाकलो. गर्द कापडावर पांढऱ्या रेघाच रेघा. तीन म्हणू की चार. डोळा मिटायची फार इच्छा झाली. शेजारी मालक, समोर वकील, मागे सगळं दुकान. मी तोंड न हलवता विचारलं, "किती काढल्यास?"

"एकच, बाबा," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत ना."

म्हटलं, आज नजर जास्तच फिरलीय. नियमाप्रमाणे डावीकडची धरली आणि कात्री चालवली. कात्री छान चालली. लोकरीच्या कापडात ती पाण्यातून गेल्यासारखी जाते. दुमडलेलं कापड, त्यामुळे दोन्ही बाजू एकदमच कापल्या गेल्या.

मालकांनी खाली पडलेली पट्टी उचलली. चाळा म्हणून उचलली असेल. मग उजेडात धरली. "मास्तर, ही रेघ कसली?"

तेव्हा मी सगळ्यांच्या देखत एक डोळा मिटला. त्या चिंधीवर एक अख्खी पांढरी रेघ होती. माझ्या हातातल्या कापडाच्या काठावर दुसरी, अर्धी कापलेली. दोन्ही खऱ्या. त्याने दोन काढल्या होत्या. शिवणीची आणि कात्रीची, त्याच्या जुन्या सवयीप्रमाणे, आणि मी शिवणीवरून कापलं होतं.

वकिलांना धड कळेना. "यात माया नाही का राहिली कुठे? सोडवून घेता नाही येणार?" मालक म्हणाले, "माया असती तर प्रश्नच नव्हता, साहेब." वकिलांनी तुकडे गोळा केले आणि पुन्हा त्याच कागदात गुंडाळायला लागले. चिंध्यासुद्धा घेतल्या. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "शिकारी." आणि माझा मुलगा बोटांना लागलेला खडू पुसत उभा होता.

संध्याकाळपर्यंत टेबल त्याचं झालं. मला खिडकीजवळच्या बाकावर काजं-बटणं करायला बसवलं. काजं हे नवशिक्याचं काम. डोळा मिटून करा की उघडा ठेवून, कुणाला पर्वा नाही. आणि मी कुणाजवळ तक्रार करू? पोराने दोन रेघा काढल्या हे सांगायचं, तर मला आधीपासून दोन दिसत होत्या हे सांगावं लागतं. मग मालक विचारणार, दोन दिसत असताना तू लोकांची कापडं कापत होतास? म्हणून तोंड दाबून बुक्क्यांचा मार. घरी तो माझ्याशेजारी बसून जेवायचा. "पाणी देऊ का, बाबा?" मी म्हणायचो, "दे."

शेवटी माझ्या उतरलेल्या पापण्या बघून हिने मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सूनबाईही आली, हिच्यावर सोडायला नको म्हणून. बाईंनी विचारलं, औषधं कोणती चालू आहेत? हिने पिशवीतून गुलाबी गोळ्यांची पट्टी काढली. सूनबाईने पर्समधून पांढऱ्या गोळ्यांची. बाईंनी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या, उलटून मागचं वाचलं आणि चष्मा काढला.

"हे एकच औषध आहे. कंपन्या वेगळ्या. हे तुम्हाला रोज दुप्पट जातंय."

झालं होतं असं, की औषधाच्या दुकानात एकदा गुलाबी संपली होती. दुकानदाराने सूनबाईला पांढरी दिली, तेच औषध दुसऱ्या नावाने. ती ते घरी कुणाला सांगणार? हिच्याशी बोलणं नाही. मला सांगितलं असेलही, माझं लक्ष पेपरात. तोवर हिने दुसऱ्या दुकानातून गुलाबी आणली. बाई म्हणाल्या, या गोळीने क्वचित कुणाच्या डोळ्यांचे स्नायू ढिले पडतात, पापण्या उतरतात, एकाचे दोन दिसतात. तुमच्यावर तर दुप्पट मारा. आता बंद करू, बहुतेक हळूहळू सुटेल, नंतर दुसरं काही देता येतं का ते तुमचे डॉक्टर बघतील.

ही माझ्याकडे बघून म्हणाली, "मला कुणी सांगितलं नाही म्हणावं."

सूनबाई माझ्याकडेच बघून म्हणाली, "विचारलं असतं तर सांगितलं असतं म्हणावं."

"कुणाला म्हणताय तुम्ही?" बाईंनी गोंधळून विचारलं.

"मलाच," मी म्हटलं. "टपाल आहे मी यांचं."

एका बरणीभर लोण्यासाठी माझ्या बापाचं टेबल गेलं. त्या दोघींचे गळे धरावेत असं वाटलं. पण कुठल्या हातात कुठला गळा येईल याची तरी काय खात्री होती?

गोळी बंद झाली. पाय आधी मोकळे झाले. मग दोन खिडक्या एकमेकींकडे सरकायला लागल्या, आणि एका सकाळी समोरच्या घराचं पत्र्याचं छप्पर एकच दिसलं, पन्हाळीसकट, पन्हाळीवरच्या गंजासकट. मी बिछान्यावर बसून रडलो. ही विचारायला लागली, काय झालं? म्हटलं, "काही नाही. दोन-दोन दिसतंय." का बोललो तसं, कोण जाणे. एकदा बोललो आणि मग तेच धरून ठेवलं. कप उचलताना मुद्दाम हात चाचपडायचा, दाराला खांदा लावायचा. सूनबाई हाताला धरून न्यायची. मी जायचो.

सांगून तरी काय मिळणार होतं? टेबल परत थोडंच येणार होतं. बाकावरून मला सगळं लख्ख दिसत होतं. मुलगा चांगला कापत होता, हे सगळ्यात वाईट. माझ्यासारखा नाही, पण चुकत नव्हता, कारण दोन रेघा काढत होता. कारागीर त्याला मास्तर म्हणायला लागले. कुणीतरी एकदा मस्करीत म्हणालं, "मास्तर, अजून दुरेघीच का?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने एक रेघ काढायला सुरुवात केली. मी बाकावर मनात म्हटलं, शेवटी माझाच. नाक वर करून खड्ड्यात चालणार.

हॉटेलच्या वेटरांच्या कोटांची ऑर्डर आली. एकरंगी कापड, थरावर थर रचलेले, वर एकदा आखायचं आणि विजेच्या कटरने सगळे थर एकदम कापायचे. अख्ख्या हॉटेलचे कोट एका रेघेवर. मुलाने कागदी फर्मा ठेवला, त्याच्या कडेने खडू फिरवला, फर्मा उचलला आणि मागे सरून रेघेकडे बघत उभा राहिला.

मला बाकावरूनच कळलं. त्याच्या हाताला पहिली रेघ शिवणीची काढायची सवय. फर्मा शिवणीच्या मापाचा, मायेशिवाय. माया तो दुसऱ्या रेघेने सोडायचा. आता दुसरी रेघ काढायचीच नाही असं ठरवलेलं, तेव्हा त्याने जी ठेवली ती शिवणीची आणि जी गाळली ती मायेची. त्यालाही काहीतरी खुपत असणार. कटर हातात घेऊन खाली ठेवला. मग इकडेतिकडे बघत माझ्याजवळ आला आणि बाकापाशी उकिडवा बसला.

"बाबा, जरा येऊन बघता? रेघ बरोबर वाटते का? मला काहीतरी कमी वाटतंय."

पहिलीत असताना पाटी दाखवायला यायचा, अगदी तोच आवाज. मी उठलो. चाचपडत गेलो, टेबलाला हात लावला. कितीतरी दिवसांनी लावला. वाकलो. एकच रेघ, बारीक, स्वच्छ. बाहेर बोटभरही काही नाही. तोंडात आलं होतं, अरे, माया सोडायला विसरलास. इतकंच म्हणायचं होतं. त्याचा खडूने माखलेला हात माझ्याशेजारी टेबलावर टेकलेला होता. बोटं पुसत तो कसा उभा राहिला होता ते मला आठवलं, आणि वकिलांनी उचललेल्या त्या चिंध्या.

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं. "मला दोन दिसतात."

तो ओशाळून हसला. "हो की. विसरलोच मी." माझ्या पाठीवर थोपटलं. "चला, बसवतो तुम्हाला."

मला बाकावर नीट बसवून तो गेला आणि त्याने कटर चालू केला.

पुढे काय झालं ते सांगायला नको. हॉटेलची ऑर्डर गेली, ते गिऱ्हाईकही गेलं. मालकांनी बाहेरून मास्तर आणला. कानात काहीतरी घालून गाणी ऐकत कापतो, कुणाशी बोलत नाही. मालकांचा मोठेपणा असा, की माझ्या मुलाला हाकललं नाही, काजांच्या बाकावर बसवलं, माझ्याशेजारी. माझ्या बापाचं टेबल आमच्या घरातून गेलं ते गेलंच. घरी मात्र सासू-सुनेचं गूळपीठ झालंय. रोज ओट्यापाशी उभ्या राहून, सरळ एकमेकींच्या तोंडाकडे बघत, आम्हा बापलेकांचा उद्धार करतात. मधे निरोप्या लागत नाही.

काल बाकावर त्याची सुई ओवली जात नव्हती. दोरा ओला करतोय, पुन्हा चुकतोय, पुन्हा ओला करतोय. मला तो अडाणीपणा बघवेना. "आण इकडे," म्हणून मी सुई हिसकावली आणि पहिल्याच दमात ओवून त्याच्या पुढे धरली.

त्याने सुई घेतली नाही. आधी नेढ्यातल्या दोऱ्याकडे बघितलं, मग माझ्या डोळ्यांकडे. मग तोंड न हलवता त्याने विचारलं, "त्या दिवशी हॉटेलच्या कापडावर तुम्हाला किती रेघा दिसल्या?"

"एकच, बाळा," मी म्हटलं. "तूच काढली होतीस ना."

त्याने माझ्या हातातून सुई घेतली आणि मान खाली घालून काज घालायला लागला.